सकाळी सातचं लग्न

आम्ही बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली त्या दिवशीच मुहूर्त-बिहूर्त आमच्या घरातून गेला. तरी लग्न म्हटलं की मे महिना आणि दुपारचे बारा, हे काही सुटलं नव्हतं. काहून? तर लेकरांना सुट्या असतात, गावाकडची बस अकराला पोचते आणि पंगत जेवायच्या वेळेला बसते. पंचांग टाकलं आणि घड्याळ तेवढं तेच ठेवलं, असे आम्ही शहाणे.

माझं लग्न ठरलं ते ऐंशी सालानंतर. बाबा कोराडीच्या कोळशाच्या वीजकेंद्रात नोकरीला होते, आम्ही तिथल्याच कॉलनीत राहायचो. आदल्या उन्हाळ्यात इतवारीच्या बाजारात ऊन लागून ते कोसळले, मरता मरता वाचले. यापुढे दुपारी घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. उन्हाळाही दरसाल चढतच होता. म्हातारी माणसं म्हणायची, नवतपा, म्हणजे मे अखेरचं जाळणारं ऊन, आधी नऊ दिवसांचा होता, आता महिनाभर हटत नाही. आमच्या कॉलनीशेजारी जळणाऱ्या कोळशाचाही त्यात वाटा आहे, हे तेव्हा कुणाला ठाऊक? तापमानवाढ हा शब्दच ऐकला नव्हता. पण उन्हाशी भांडता येत नाही आणि वेळ आपल्या हातात असते, एवढी अक्कल मला होती.

नवरदेवाला घेऊन त्याचे मामा बोलणी करायला आले आणि सवयीनं बारा वाजता म्हणाले. आईनं बाबांकडे पाहून हळूच विचारलं, "मग यांचं कसं होईन?"

मामा म्हणाले, "भाऊ घरीच राहतीन. लग्न लागलं की जोडपं येईनच पाया पडाले."

बाबांनी होकाराची मान हलवली. खाली जमिनीकडे बघत. ते पाहून माझं टाळकंच सरकलं. चहाचा ट्रे ठेवला आणि म्हटलं, "मामाजी, लग्न सकाळी सातला लागन."

"काहून वं? सातला कोणी जेवते का?"

"सातला आलुपोहे, नऊला जेवण. उपाशी कोणाले धाडणार नाही."

"लोक काय म्हणतीन?"

"बाराच्या उन्हात बसवलं तर लोक काही म्हणाच्या लायक राहतीन का?"

नवरदेव गालात हसला. तिथंच तो मला खरा पसंत पडला. मामाजींनी दोनदा खाकरून होकार दिला.

पाव्हणे आदल्या संध्याकाळीच आले, कॉलनीच्या मैदानात सतरंज्या टाकून झोपले. सकाळी गार वाऱ्यात, पांढऱ्या साडीत मी उभी होते. बाबा पहिल्या रांगेत, नव्या सदऱ्यात. त्रिशरण त्यांच्याच आवाजात सगळ्यात मोठ्यानं ऐकू येत होतं. पुढच्या वर्षापासून कॉलनीत सातची लग्नं लागायला लागली, आणि मामाजी तर ती आपलीच अक्कल म्हणून सांगत फिरले. सांगू द्या.

जेवणं आटोपली, वरातीची बस सुरू झाली. बाबा सावली सोडून रस्त्यावर आले. मी खिडकीतून ओरडले, "बाबा, घरात जा, ऊन चढून राहिलं."

"तू जाय. मी जातो."

गेले नाहीत. बस वळेपर्यंत डोक्यावर हात धरून तिथंच उभे होते. सगळ्या वऱ्हाडाला वेळ शिकवणारी मी, एका माणसाला सावलीत पाठवू शकले नाही. मामाजींच्या देखत मी ढसाढसा रडले, आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.