मास्तरांनी निवडलेली जाळी

मास्तरांना जांघेत हर्निया झाला तेव्हा त्यांना धास्ती एकच: ऑपरेशननंतर मशीनवर वाकून बसता येईल ना? चाळीस वर्षं शिलाई आणि रफू केलेला माणूस. वाकणं बंद म्हणजे दुकान बंद.

आणि डॉक्टरीणबाईंनी टेबलावर काय ठेवावं, तर जाळीचे दोन तुकडे! पोटाच्या भिंतीला भोक पडलंय, त्यावर यातली एक बसवायची, म्हणाल्या. एक जाड, घट्ट विणीची. दुसरी हलकी, मोठ्या छिद्रांची. झालं, मास्तरांची धास्ती कुठल्या कुठे पळाली. चष्मा चढला, तुकडे उजेडाला धरले गेले, आधी उभे ओढले, मग आडवे, मग तिरके.

"जाडच घाला हो," बायको म्हणाली. "पुन्हा फाटायला नको."

"तू थांब गं. मलमलीच्या सदऱ्याला कुणी गोणपाटाचं ठिगळ लावतं का?"

"भोक मोठं असतं तर मीही जाडच म्हटलं असतं," बाई म्हणाल्या. "तुमचं लहान आहे. हलकी चालेल, वाकताना कमी जाणवेल."

मास्तरांना राहवेना. "धुतल्यावर आटतं का हे?"

बायकोने कपाळावर हात मारला. बाई मात्र खुर्चीत पुढे सरकल्या. "आटतं, मास्तर. शरीरात थोडं आक्रसतं. म्हणून चारी बाजूंनी जास्तीचं ठेवतो."

"म्हणजे माया सोडता. आम्हीही सोडतो." मास्तर इतके खूश झाले, की आपलंच पोट कापायचं आहे हे विसरले. हलकी ठरली.

ऑपरेशनच्या सकाळी नर्सने चादर बाजूला केली, तर जांघेवर खडूने आखलेली रेघ, माया धरून! कुणी सांगितलं होतं यांना? बाईंनी रेघेकडे पाहिलं.

"मास्तर, गिऱ्हाईक कुठे कापायचं ते सांगतं, तेव्हा तुम्ही ऐकता?"

"छे, मुळीच नाही."

"मग झोपा," म्हणत त्यांनी रेघ पुसायला लावली.

दोन महिन्यांनी मास्तर मशीनवर ओणवे होऊन कोटाचं कोपर रफू करत होते. सकाळपासून उठले नव्हते. बायकोने चहा ठेवता ठेवता विचारलं, "टोचतं का हो अजून?"

"कुठं?" मास्तर म्हणाले, आणि मग त्यांना आठवलं. आनंदाने त्यांचे डोळे भरून आले, सुईत दोरा काही केल्या जाईना. शेवटी तो बायकोने ओवून दिला.