अक्कांचे साचे

अक्का गेल्याचं कळलं तेव्हा मी करवतीवर होते. बंगळूरमधल्या चामराजपेटच्या आमच्या खोलीत चक्री करवतीचा आवाज एवढा असतो की हाक ऐकू येत नाही, म्हणून शेजारचे दुकानदार गौडा दारात येऊन नुसते उभे राहिले. इस्पितळातून फोन आला की त्यांच्याच दुकानात यायचा. करवत बंद केली तेव्हा ते म्हणाले, "अक्का होदरम्मा..." अक्का गेल्या. मी "सरी" म्हटलं, म्हणजे बरं. दुपारी त्यांचा डबा घेऊन जायचा होता, तो तसाच चुलीजवळ भरून ठेवलेला होता.

अक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. स्वतःचा नवरा वारल्यावर त्यांनी बालवाड्यांसाठी लाकडी कोडी करायला घेतली. हत्ती, कोंबडी, बस, अशी चित्रं प्लायवर चिकटवायची, त्यांचे चौकोनी आणि तिरके तुकडे कापायचे आणि ते मुलांनी चौकटीत बसवायचे. डोळ्याच्या अंदाजाने कापलेला तुकडा कधीच नीट बसत नाही. म्हणून अक्कांनी स्वतःच सागाच्या उरल्यासुरल्या पट्ट्यांचे साचे बनवले होते. साच्याच्या टोकाला एक अडसर असायचा. प्लाय त्याला टेकवायचं आणि साच्यासकट पात्यावर सरकवायचं, की प्रत्येक तुकडा तेवढाच. तिरक्या कापाचा साचा वेगळा, कोपऱ्याचा वेगळा. मदतीला म्हणून मला त्यांनी बोलावून घेतलं आणि पहिल्याच दिवशी मारलं. बोट साच्याच्या पुढे गेलं होतं. लाकडी पट्टी मनगटावर बसली ती अशी की डोळ्यांपुढे अंधारी आली. "रांडे, सकाळी दहा बोटं घेऊन आलीस ना? चौथी शिकलीस म्हणे. संध्याकाळी जाताना मोजून ने!" त्यांच्या तोंडात शिवी आणि हातात पट्टी नाही असा दिवस मला आठवत नाही. पाठीवर, दंडावर, एकदा तर खाऊ घालता घालता टाळूवर. मार तो मारच, तो गोड होता असं मी म्हणणार नाही. पण माझी बोटं दहाच्या दहा आहेत.

घरी नवरा मारायचा. भाजी गार झाली म्हणून, गरम आहे म्हणून, मी गप्प आहे म्हणून. पट्ट्याचं बकल, चपला, एकदा कुकरचं झाकण. बहीणभावाचा हात एकाच घडणीचा होता, जड आणि पटकन उठणारा. अक्का कशासाठी मारत ते मला लगेच कळायचं. नवऱ्याचं मी किती वर्षं कळून घ्यायला बघत होते... अक्का माझ्या अंगावरचे वळ बघायच्या आणि विचारायच्या, "हे माझं की वशाचं?" वशा म्हणजे माझा नवरा. मी सांगायचे. त्यावर त्या थुंकायच्या.

एकदा एका बालवाडीच्या बाई सगळी खोकी परत घेऊन आल्या. एक चौकट त्यांनी अक्कांच्या कानाशी धरून हलवली. "अक्का, मी कोडं मागितलं होतं, खुळखुळा नाही." चूक माझी होती. कापताना भुसा उडून अडसरापाशी दाबून बसतो. तो दर कापाला झाडायचा असतो, मी झाडला नव्हता. त्यामुळे प्लाय अडसराला पूर्ण टेकत नव्हतं आणि प्रत्येक तुकडा सूतभर कमी कापला गेला होता. बाई गेल्या तेवढ्यात नवरा मला न्यायला आला आणि त्याने सगळं ऐकलं. अक्का मागच्या मोरीत होत्या. "माझ्या बहिणीचं नुकसान करतेस?" म्हणत त्याने करवत सुरू केली, माझं मनगट धरलं आणि पात्याकडे ओढलं. "हिचा अंगठाच उडवतो." मी ओरडले की नाही, आठवत नाही. माझ्या नखाची कड पात्याला लागली आणि उडाली, एवढं दिसलं. मग अक्का दिसल्या. त्यांनी भिंतीवरचा कोपऱ्याचा साचा काढला आणि दोन्ही हातांनी भावाच्या मनगटावर घातला. करवतीच्या आवाजातही हाड मोडलेलं ऐकू आलं. तो खाली कोसळला, तरी खांद्यावर आणखी एक, पाठीत आणखी एक. "अक्का, मी तुझा सख्खा भाऊ गं!" तो रडत होता. "म्हणून तर डोकं सोडलंय," अक्का म्हणाल्या. करवत बंद करून त्यांनी साच्याला गुण्या लावून पाहिला. काटकोन ढळला नव्हता. मग माझ्याकडे वळल्या आणि कानाखाली एक ठेवून दिली. "भुसा का नाही झाडलास?"

त्या दिवसापासून मी खोलीतच राहिले. "आणि घर?" मी विचारलं होतं. "घराला तू लागतेस. तुला ते कशाला लागतं?" नवरा के. आर. पुरमला एकटाच राहिला. अक्का होत्या तोवर त्याने या गल्लीत पाऊल टाकलं नाही.

तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी तो आला. उजवं मनगट अजून पुरतं वळत नाही. "झाले तुझे लाड. मशीन विकू, तू घरी चल. आता मध्ये कोण पडणार आहे?" अक्कांनी शिव्या घातल्या असत्या. मला शिव्या येत नाहीत, मोठ्याने बोलताही येत नाही. मी करवतीचं बटण दाबलं आणि साच्यावर हात ठेवला. त्याचं तोंड हलत राहिलं, शब्द ऐकू येईनात. त्याने पुढे होऊन माझे केस धरले. मी हात साच्यावरून काढला नाही. फिरत्या पात्याकडे त्याचं लक्ष गेलं तसं त्याने केस सोडले. मग फळीवरची भरलेली खोकी एकेक करून जमिनीवर आपटली, तुकडे लाथाडले, दार आपटून गेला. पुन्हा येईल.

मी खाली बसले. अक्कांनी शेवटी कापलेले तुकडे आणि मी एकटीने कापलेले, सगळ्यांचा एक ढीग झाला होता. कुठला तुकडा कुणी कापलेला ते ओळखायला गेले, ओळखता येईना. मग चौकट घेतली आणि हाताला येईल तो कान, येईल ती सोंड लावत गेले. सगळे बसले. हत्तीचा एक पाय नवऱ्याच्या टाचेखाली चिरडला होता. तेवढा नवा कापला.