तिसऱ्या पंगतीची पोळी

आमच्या शेजारच्या यशोदाबाईंनी यंदाच्या महालक्ष्म्यांची तयारी होळी विझायच्या आत सुरू केली. गेल्या वर्षी तिसऱ्या पंगतीत त्यांच्याकडच्या पुरणपोळ्या सरल्या, त्याही नेमक्या तळेगावच्या थोरल्या नणंदेच्या, शकुबाईंच्या पानापाशी. नणंदबाई वरणभातावर उठल्या आणि ही बातमी त्यांच्या एसटीच्या आधी तळेगावात पोचली. आमच्या बोरगाव मेघेत ती मीच चार घरी सांगितली, आता लपवून काय करायचं.

तेव्हापासून यशोदाबाईंच्या जिवाला एकच घोर. यंदा शकुबाई पोटभर पोळी खाऊन उठल्या पाहिजेत. चैत्रात गच्चीभर कुरड्या-पापड वाळले. चण्याची डाळ, गूळ, तेलाचे पिपे, सगळं मागच्या खोलीत गेलं आणि खोलीला कुलूप लागलं. आषाढात भाजी महागली तेव्हा त्यांच्या यजमानांनी, बंडूजींनी, भीत भीत दोन कुरड्या तळून मागितल्या. महालक्ष्म्या जेवल्याशिवाय डब्याला हात लागणार नाही, असं उत्तर मिळालं. घरात पापडांचे चार डबे असताना हा गृहस्थ आमच्याकडे पापड खायला येऊ लागला.

सणाच्या दिवशी यशोदाबाई आणि त्यांची सून रक्षा पहाटेपासून पोळ्या लाटत होत्या. टोपल्या भरत गेल्या. नैवेद्य झाला, पंगती बसल्या. पहिल्या पंगतीने अर्धी अर्धी पोळी खाल्ली. दुसरीने पानावर हातच आडवे धरले. यशोदाबाई तुपाची वाटी घेऊन फिरून फिरून दमल्या. पुरणच बिघडलं असणार, असं त्यांच्या मनाने घेतलं. नैवेद्याआधी चाखायचं नसतं, त्यामुळे ते कोणी चाखलेलंही नव्हतं. त्यांनी रक्षाला आत पाठवून खाऊन बघायला लावलं. पुरण उत्तम झालं होतं.

तिसऱ्या पंगतीला शकुबाई बसल्या, त्यांच्या शेजारी मी. यशोदाबाईंनी एक पोळी वाढली. दुसरी वाढणार तोच नणंदेने त्यांचा हात धरला.

"यशोदा, एकच पुरे. मागच्या साली तुले कमी पडल्या ना, म्हून आमी गावातल्या मंदाबाईकडं जेवूनच आलो. बाकीच्याइलेबी सांगतलं, काही तरी खाऊन जाजो म्हनून."

शकुबाई हे अगदी मायेने बोलल्या, म्हणून तर ते जास्त लागलं. यशोदाबाई टोपली घेऊन तशाच उभ्या राहिल्या. खोटं कशाला बोलू, मीही घरून वरणभात खाऊनच आलो होतो. माझी मलाच लाज वाटली. मी पोळी मागितली. मग दुसरी मागितली, मग तिसरी. चौथीला मला धाप लागली.

"भाऊजी, तुमी एकटेच उपाशी आले," असं म्हणून यशोदाबाईंनी डोळे पुसले आणि पाचवी वाढली.