दरबाराच्या पडद्यातले माझे आजोबा

लिहायला फार उशीर झाला, माफ करा. प्रवास डिसेंबरातला. पण परत आल्यावर मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि बरेच दिवस फोनकडे बघायची मनाई होती. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, चुका सांभाळून घ्या.

आमच्या घरी आजोबांचा एकही फोटो नव्हता. ते नागपूरच्या राजवाड्यात राजाच्या मागे मोरपिसांचं मोरचेल धरून उभे राहत. दसऱ्याच्या दरबाराचं भलंमोठं कापडी चित्र झालं, तेव्हा चिताऱ्याने त्यांनाही त्यात घेतलं, असं बाबा सांगत. पुढे वाड्यातलं जुनं सामान विकलं आणि चित्र कुठे गेलं ते कोणालाच कळलं नाही. मग भिवापूरकडच्या खेड्यात राहणारा माझा मेहुणा नामदेव एकदा फोनवर सहज बोलून गेला, "आमच्या नाटकातला दरबाराचा पडदा नागपूरच्या वाड्यातून आणला म्हणतेत जी, भाऊजी." तेव्हापासून माझी झोप उडाली. ऑपरेशन बिघडलं आणि दिसायचंच बंद झालं तर? म्हणून आधी बघून यायचं ठरवलं.

नागपुरातल्या आमच्या नंदनवनहून ऑटोने बसस्टँड गाठलं. पंचाहत्तरीनंतर एस.टी. फुकट आहे, पण आधार कार्ड जवळ ठेवा. मी ते दर दहा मिनिटांनी खिशात चाचपत होतो.

"कार्ड कुठी पळून नाही राहिलं," माझी बायको कमल म्हणाली. "जीव तुमचाच पळून राहिला."

उमरेडला बस थांबते. तिथे आलूबोंडा तर्रीसोबत खा, पाणी मात्र घरचं न्या. पुढे भिवापूर आलं की वाळत्या मिरच्यांच्या वासाने आधी नाकाला कळतं. तिथे नामदेव मोटरसायकल घेऊन उभा होता. तिघं एका गाडीवर बसून गेलो, याबद्दल मी आत्ताही बोलू इच्छित नाही.

पडदा समाजमंदिरात बांबूला गुंडाळून ठेवला होता. गावच्या नाटक मंडळाचे प्रमुख शंकरराव दरवर्षी नाटकात राजा होतात. त्यांनी तो उलगडला. झुंबरं, जरीच्या पगड्या, अत्तरदाण्या, मधोमध राजा. राजाच्या मिशीवर गावच्या पेंटरने इतका रंग चढवला होता की ती शंकररावांचीच वाटत होती. मी राजाच्या मागे पाहिलं. तिथे माणूस नव्हता, दाराएवढं भोक होतं. मी सतरंजीवर बसलोच.

"काहून बसले गा, बाबाजी?" शंकरराव म्हणाले. "राजाले स्टेजवर यायले रस्ता पाहिजे न. कापून नाही फेकलं, वर बांधलं."

त्यांनी दोरी सोडली. कापडाचा तुकडा खाली आला आणि त्यावर एक किडकिडीत माणूस मोरचेल उंचावून उभा होता. कमलने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हेच कान मी पन्नास वर्षांपासून पाहून राहिली," ती म्हणाली.

मला डोळे पुसावे लागले. मग दिसलं की आजोबांना पावलं नाहीत, तिथे नुसतं पांढरं कापड.

"पाय कुठे गेले?"

"आमीच खाल्ले," शंकरराव हसले. खेळाआधी हा तुकडा वर बांधण्यापूर्वी सगळे नट ओळीने या माणसाच्या पाया पडतात. दाराशी उभा, म्हणून तो दरबाराचा राखणदार. हात लागून लागून रंग गेला.

"आन् राजाच्या?" नामदेवने विचारलं.

"राजाच्या काहून? राजा तं मीच."

मीही पाया पडलो. निघताना शंकरराव म्हणाले, कापड विरत चाललंय, मंडळ नवा फ्लेक्स घ्यायचा विचार करतंय. परतीच्या बसमध्ये मी आधार कार्ड एकदाही चाचपलं नाही, एवढा मी त्याच विचारात होतो.

आता ऑपरेशन छान झालंय. कमलने काढलेला फोटो भिंतीवर लावलाय आणि आजोबांचे कान मला चष्म्याशिवाय दिसतात. तुम्ही हिवाळ्यात गेलात तर घोंगडी न्या, खेळ पहाटेपर्यंत चालतो. फ्लेक्सचं होळीनंतरच्या बैठकीत ठरेल. तिकडचं कोणी हे वाचत असेल तर कृपा करून ठरल्याबरोबर कळवा. फ्लेक्स आला तर जुना पडदा न्यायला मी येतो, मोटरसायकलवर तिसरा बसूनसुद्धा.