सर्व्हरपुढे नारळ

"नाना, तिथे नको!" मी ओरडेपर्यंत नारळ फुटला होता.

मांडव्याच्या जेट्टीवरचं आमचं ऑफिस. पावसाळ्यानंतरची पहिली फेरी सुटायची होती, खाली तिकिटाला ही रांग, आणि वर बोटींचे मालक नाना सर्व्हरची पूजा करत होते. बोटीच्या इंजिनाला हळदकुंकू मिळालं, मग सर्व्हरने काय घोडं मारलं होतं? नारळ आपटला तो थेट रॅकच्या लोखंडी कडेवर. पाणी आत. फट्! सर्व्हरचे दिवे गेले.

"पहिल्या दिवशी बुकिंग बंद पडलं तर तुझी नोकरी गेली समज," असं आदल्याच दिवशी नानांनी मला बजावलं होतं. आता घ्या!

एका सर्व्हरमध्ये सॉफ्टवेअरने अनेक कॉम्प्युटर तयार करता येतात, एका लॉजमध्ये अनेक खोल्या असाव्यात तसे. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. आमचं बुकिंग अशा तीन मशिनींवर चालतं. त्यांचा गट म्हणजे क्लस्टर. त्या सारख्या एकमेकींना विचारतात, "हाय का?" "हाय!" एकीने उत्तर दिलं नाही की उरलेल्या दोघी तिचं काम उचलतात.

हे सगळं बसवताना नानांचा हट्ट वेगळाच होता. "एवढा मोठा सर्व्हर घेतलाय. तिघींना त्यातच कोंब. पलीकडच्या खोलीतले जुने दोन विकून टाकू."

"नाना, मी मुरुडच्या कोळ्याची पोर. माझे तिन्ही काका एका होडीतून कधी जात नाहीत. होडी बुडाली तर घरी कोण उरणार?"

"अगं, हा सर्व्हर आहे, होडी नाही!"

"बुडतो तोही," म्हणत मी तिघींना तीन सर्व्हरवर बसवलं. नाना फुरंगटले होते.

आणि आता बुडालाच की! मी स्क्रीनकडे धावले. एक मशीन गप्प. बुकिंगचं पान फिरतंय, फिरतंय. तेवढ्यात खालून खिडकीवरची वैशाली ओरडली, "ताई, जरा अडकलं होतं. चालू झालं!"

मी टाळ्या पिटत उड्याच मारल्या. नाना हातात नारळाची वाटी धरून बघत राहिले, मग तेही खो खो हसत सुटले. बाहेर बोटीचा भोंगा वाजला. मला आजीला मिठी मारावी तशी त्या रॅकला मारावीशी वाटली, पण तो ओला होता.

नानांनी मला खोबऱ्याचा तुकडा दिला आणि गंभीरपणे म्हणाले,

"पुढच्या वर्षी तिन्ही सर्व्हरची पूजा एकाच दिवशी नको."