बूम धरणारा हात

इथे येणारे अनुभव मी नेहमी वाचते, पण खरं सांगायचं तर चहाबरोबर तोंडी लावायला. भूत, चकवा, रिकाम्या खोलीतून कुणीतरी नाव घेऊन हाक मारली वगैरे... माझा विश्वास शून्य. त्यातही 'आवाज आला' म्हणणाऱ्यांवर तर अजिबातच नाही, कारण आवाज हाच माझा धंदा आहे. मी साउंड रेकॉर्डिस्ट आहे. सिनेमा, मालिका, डॉक्युमेंटरी — बोलावतील तिथे जायचं आणि लोक बोलतात ते रेकॉर्ड करायचं. 'मॅडम, त्या खोलीत कुणीतरी कण्हतंय' म्हणून युनिटमधले धट्टेकट्टे लोक माझ्याकडे आलेत आणि मी हेडफोन लावून त्यांना पंख्याचं बेअरिंग दाखवलंय. शोधलं की काहीतरी निघतंच. फक्त एकदा निघालं नाही, आणि तेच आज लिहायला बसले आहे.

आधी देवीदासबद्दल सांगायला हवं.

देवीदास माझा बूम ऑपरेटर होता. बूम म्हणजे लांब काठी, तिच्या टोकाला माइक. ती काठी डोक्यावर उचलून, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेताने कलाकारांच्या वर धरायची आणि सीन संपेपर्यंत तशीच धरून ठेवायची. ऐकायला सोपं वाटतं. काठीवर बोट जरा सरकलं, हात जरा कापला, की माझ्या कानात घरघर सुरू होते आणि टेक वाया जातो. दहाएक वर्षं आम्ही जोडीनं काम केलं आणि देवीदासच्या हातून मी ती घरघर क्वचितच ऐकली. टेकच्या आधी तो चपला काढायचा, खिशातल्या किल्ल्या आणि फुटाण्यांची पुडी माझ्या टेबलावर ठेवायचा, आणि मग तो तिथे आहे हेच सगळे विसरायचे. मी कधी हौसेनं बूम हातात घेतला की मात्र त्याला ऊत यायचा. "ताई, तुमी बूम धरला का ट्रॅक्टर चालू होते," असं तो चारचौघांत म्हणायचा. खोटं नव्हतं, पण राग यायचाच.

रोज सकाळी आमचा एक ठरलेला कार्यक्रम असे. बाकीचे बूमवाले माइक तपासायला 'हॅलो, चेक' करतात. हा जिभेनं टाळूवर दोनदा टिक् टिक् वाजवायचा, बैल हाकताना वाजवतात तसं, आणि मग हळूच विचारायचा, "ताई, येते काय?" म्हणजे आवाज येतोय का. मी 'येतंय' म्हटलं की आमचा दिवस सुरू. हे सगळं रेकॉर्डिंगचं बटण दाबण्याच्या आधीचं. त्यामुळे ते कुठल्याच फाइलमध्ये नाही.

तो वाशीम जिल्ह्यातला, कारंजा तालुक्यातल्या धनजचा. बायको नंदा आणि आई गावीच असायच्या, शेती बघायच्या. शूटिंग नसलं की हा गावी पळायचा. मला वेगवेगळे आवाज जमवायचा नाद आहे, त्यावरून त्याचं एक पालुपद होतं. दसऱ्याच्या सुमाराला आमच्या वावरात या. दुपारच्या उन्हात वाळलेल्या सोयाबीनच्या शेंगा आपोआप तडकतात, सगळं वावर बोलतं. ते ऐकलं की तुमचे बाकीचे आवाज फेकून द्याल. मी दर वर्षी 'हो हो, येऊ' म्हणायचे आणि दर वर्षी दसऱ्याला आम्ही कुठल्यातरी मालिकेच्या हॉलमध्ये लक्ष्मीपूजनाचा सीन करत असायचो.

मागच्या श्रावणात देवीदास गेला. पुण्यात, खोलीवर, सकाळचा चहा घेताना. हार्ट अटॅक. वय पन्नाससुद्धा नाही. मी तेव्हा कोकणात आउटडोअरला होते. युनिटमधली चौघं त्याला गावी घेऊन गेली.

त्यानंतर एका रविवारी मी सगळ्या हार्ड डिस्क काढून बसले. मला त्याचा आवाज ऐकायचा होता, बस. इतक्या वर्षांचं काम, शेकडो माणसं बोलतायत, भांडतायत, रडतायत, आणि त्यात देवीदास कुठेच नाही. प्रत्येक सीनला तो हजर होता आणि एकाही सीनमध्ये ऐकू येत नव्हता. व्हॉट्सअ‍ॅपवर म्हणाल तर हा माणूस फक्त अंगठा पाठवायचा. मी त्या दिवशी खूप रडले, हे इथे लिहायला मला लाज वाटत नाही.

नागपूरचं एक काम संपवून परत येताना समृद्धीवरून कारंजाला उतरले आणि धनज गाठलं. त्याचे हेडफोन माझ्याकडे राहिले होते, ते घरी द्यायचे होते. चहा घ्यायचा, दोन शब्द बोलायचे आणि निघायचं, एवढाच बेत. दसरा नुकताच झाला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन निघून गेलेली मोकळी वावरं होती, तूर तेवढी उभी.

नंदा अंगणातच होती. तिनं आईंना ओरडून माझी ओळख करून दिली. ओरडूनच, कारण आईंना आता जवळपास काहीच ऐकू येत नाही. घरात सगळे त्यांना माय म्हणतात, मीही तेच म्हणाले. मी हेडफोन त्यांच्या हातात दिले. कानावरची एक गादी फाटली होती म्हणून देवीदासनं ती कधीतरी गावी नेऊन हिरव्या कापडानं शिवून आणली होती. मायनं त्या कापडावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "माह्या लुगड्याचं हाय हे."

मग नंदानं जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. सगळं सोयाबीन सोंगून, मळून झालं होतं, पण बांधाकडच्या काही ओळी माय कापू देत नव्हती. दाणे मातीत पडत होते, येणारेजाणारे हसत होते. माय म्हणायची, राहू द्या. कारण देवीदासनं तिला शब्द दिला होता की या दसऱ्याला रेकॉर्डिंगचं मशीन घरी आणतो आणि तुला वावर ऐकवतो. तो लहान असताना तिनंच त्याला बांधावर बसवून शेंगा ऐकायला शिकवलं होतं. आता तिचे कान गेले म्हणून तो तिला ऐकवणार होता.

मी काही बोलायच्या आत मायनं माझा हात धरला. "त्याचा शेवटचा फोन आला तवा नंदानं माह्या कानाले लावला. मले काईच आयकू नाई आलं. मी आपली हाव, हाव म्हनत राह्यली. काय बोलला असंल थो?"

नंदाकडे पाहिलं तर ती मान खाली घालून बसलेली. फोन मायच्या कानाला होता, तिलाही काही कळलं नव्हतं. त्याला उलटून विचारावं असं कुणाला वाटलंच नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. माय तेव्हापासून तेवढंच घेऊन बसली होती. लेक काहीतरी बोलला आणि आपण न ऐकताच हाव, म्हणजे हो, म्हटलं.

गाडीत माझा सगळा सेट होता. मी म्हटलं, चला वावरात.

शेत गावापासून जरा आत, नाल्यापलीकडे. दुपारची वेळ, डोक्यावर ऊन, वारा नाही. बांधावर पळसाखाली मायला बसवलं. माझ्या रेकॉर्डरला दोन हेडफोन लागतात, एक रेकॉर्डिस्टचा आणि एक बूमवाल्याचा, आणि दोन्हींचा आवाज वेगवेगळा कमीजास्त करता येतो. देवीदासचे हेडफोन मायला घातले. पदर आडवा येत होता, तो तिनं मागे सारला. माझे मी घातले, रेकॉर्डर गळ्यात अडकवला, सवयीनं रेकॉर्डिंग चालू केलं आणि बूम उचलून माइक त्या उरलेल्या ओळींवर नेला.

आणि ट्रॅक्टर चालू झाला.

शेंगा तडकत होत्या, मला त्या मागे कुठेतरी कळत होत्या, पण त्याच्यावर माझ्याच हातांची ही घरघर. मी पकड बदलली, कोपर आवळले, श्वास धरला. वाढतच गेली. माय माझ्याकडे बघत होती आणि मान हलवत होती, काही नाही म्हणून. मी तिच्या हेडफोनचा आवाज वाढवला तर घरघरही वाढली. खांदे भरून आले. इतक्या वर्षांचा अनुभव आणि एका म्हातारीला चार शेंगा ऐकवता येत नाहीत... मला स्वतःचाच संताप आला. मनात म्हटलं, देवीदास, हे तुझं काम आहे बाबा.

पुढचं जसं झालं तसं लिहिते.

बूम हलका झाला. पूर्ण नाही, पण मागच्या टोकाला कुणीतरी हात लावला की जेवढा व्हावा तेवढा. सेटवर लांबलचक टेक असला की तिसरा कुणी मागून टेकू देतो, तेव्हा असंच वाटतं. घरघर थांबली. एकदम, नळ बंद करावा तशी. आणि वावर बोलायला लागलं. टक्. टक् टक्. लांबून एक, अगदी माइकखाली एक, मग दाणा पानावर पडल्याचा बारीक आवाज. मी मागे पाहिलं नाही. घाबरले म्हणून नव्हे... टेक चालू असताना मान वळवायची नसते, एवढंच डोक्यात होतं.

मायचा चेहरा बदलला. तिनं दोन्ही हात हेडफोनवर दाबले. बराच वेळ ती त्या ओळींकडे बघत ऐकत राहिली. मग तिनं मान जराशी वाकडी केली, कुणी कानाशी येऊन विचारल्यावर करतात तशी, आणि स्वच्छ म्हणाली, "हाव."

माझ्या कानात फक्त शेंगा होत्या. दुसरं काही आलं नाही, शपथेवर सांगते.

थोड्या वेळानं तिनं स्वतःच हेडफोन काढून मांडीवर ठेवले. त्याबरोबर बूम जड झाला आणि मला तो खाली टेकवावा लागला. नंदा तिच्या कानाशी वाकून विचारू लागली, कुणाला हाव म्हटलं म्हणून. माय अगदी शांत होती.

"माहा देवा होता न. पयले तोंडानं टिक टिक केलं, बैलाले करते तसं. मंग म्हने, माय, येते काय? मी म्हनलं, हाव." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "या वख्ताले खरंच आयकू आलं मले."

मी तिथेच बांधावर बसले. ती टिक टिक आणि तो प्रश्न, त्याच क्रमानं... हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. नंदालाही विचारलं. तिला माहीत नव्हतं. कामावर तो काय करतो हे तो घरी कधी सांगायचाच नाही, म्हणाली, 'काठी धरतो' एवढंच.

घरी परतताना माय पुढे चालत होती. नंदा माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "ताई, तुमची तब्येत बरी हाय न? शेवटपर्यंत तुमचे हात लय थरथरून राह्यले होते. मले वाटलं काठी पडते आता."

दुसऱ्या दिवशी त्या उरलेल्या ओळी मायनं स्वतः उभं राहून सोंगून घेतल्या. हे नंदानं नंतर फोनवर सांगितलं.

फाइल माझ्याकडे आहे. कितीदा तपासली याचा हिशेब नाही. सुरुवातीला माझी घरघर आहे, कुणालाही ओळखू येईल अशी. मग ती थांबते आणि तिथून पुढे, माय हेडफोन काढेपर्यंत, रेकॉर्डिंग इतकं स्वच्छ आहे की मी ते धरलं यावर माझाच विश्वास बसत नाही. ज्या हातांना नंदानं थरथरताना पाहिलं, त्या हातांचा त्यात मागमूस नाही. टिक टिक नाही. प्रश्न नाही. फक्त शेंगा, आणि जरा लांबून मायचा 'हाव'.

तुम्ही जे सुचवाल ते माझं सुचवून झालंय. मायला शेंगांचा आवाज टिक टिक वाटला असेल. देवीदास कधीतरी घरी बोलून गेला असेल आणि नंदा विसरली असेल. माझे खांदे बधिर झाले असतील म्हणून बूम हलका वाटला असेल. सगळं मान्य. पण थरथरत्या हातानं घरघर न होता बूम धरता येतो हे मला कुणी करून दाखवा, मी येऊन बघेन. तोवर माझ्याकडे उत्तर नाही, आणि हल्ली मी ते शोधतही नाही.

आता माझ्याबरोबर नवा बूमवाला आहे, चांगला आहे. सकाळी तो 'हॅलो, चेक' म्हणतो आणि आम्ही कामाला लागतो. पण घरी असले की कधीकधी मी ती फाइल लावून बसते. घरघर थांबते, शेंगा तडकायला लागतात, लांबून माय 'हाव' म्हणते. आणि मीही, खोलीत कुणी नसताना, हेडफोन दाबून धरते आणि म्हणते, येतंय.