अर्बाबची ठासणीची बंदूक

आमच्या शूटिंग क्लबच्या सेल्स मॅनेजरशी माझं पहिल्या आठवड्यापासूनच फाटलं. तो वसईचा, मी रत्नागिरीकडचा. दुबईबाहेर वाळूत असलेल्या त्या क्लबमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच, आणि ती मराठी आम्ही एकमेकांना टोचायलाच वापरायचो. तो टाय लावून काउंटरवर काडतुसं विकायचा, मी मागच्या वर्कशॉपमध्ये मेंबरांच्या बंदुका साफ करायचो. शारजाच्या अल नहदाहून येताना बस पाच मिनिटं लेट झाली तरी तो रजिस्टरमध्ये माझ्या नावाभोवती लाल गोल काढायचा. मीही काही कमी नव्हतो. त्याच्या मेलमधल्या चुका मी पँट्रीत सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवायचो.

गेल्या हिवाळ्यात एक वयस्कर अरब मेंबर नवी रायफल घेऊन आले. मोठ्या माणसांना इथे आम्ही अर्बाब म्हणतो, तसंच त्यांनाही म्हणायचो. परदेशात शिकारीला न्यायची म्हणून त्यांनी ती रीतसर परवान्यावर मागवली होती. रायफल ठासणीची होती, म्हणजे नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग गोळी गजाने आत ठासायची. पण नळीच्या पुढे कंपनीनेच लांब सायलेन्सर बसवलेला, त्यामुळे सगळं त्याच्यातूनच आत जाणार. अर्बाबना एवढंच हवं होतं, की यात कोणती गोळी आणि कोणती दारू चालेल ते आम्ही ठरवून द्यावं.

ठासणीची बंदूक मला नवी नव्हती. रानडुकरांपासून शेत राखायला अब्बांकडे परवान्याची एक होती, आणि तिची नळी गरम पाण्याने धुणं हे माझं काम. सायलेन्सरचं मात्र मला काही माहीत नव्हतं. म्हणून दोन दिवस कंपनीचं पुस्तक वाचलं. तिसऱ्या दिवशी काउंटरवर जाऊन म्हणालो, "सर, आपल्याकडची ती प्लास्टिकच्या वाटीतली गोळी यात नको. नळीतून सुटल्यावर वाटीच्या पाकळ्या उघडतात. इथे त्या सायलेन्सरच्या आतच उघडतील आणि आतल्या धातूच्या पडद्यांना थडकतील. नळीच्या मापाची अख्खी शिशाची गोळी घेऊ. दारूही काजळी कमी धरणारी हवी, नाहीतर दहा बारांत आतून चोंदेल."

त्याने स्क्रीनवरून मान वर केली नाही. "ही रायफल आहे, तुझ्या अब्बांचं गावठी खेळणं नाही. वाटीवाली प्रीमियम आहे, स्टॉकमध्ये आहे, तीच जाणार."

"जाणार, पण फुटून."

अर्बाब बाजूलाच उभे होते. मराठी त्यांना कळत नव्हती, सूर कळत होता. त्यांनी हिंदीत विचारलं, "ये क्या बोलता है?"

मॅनेजर हसला. "कुछ नहीं, अर्बाब. ये सफाईवाला है."

माझ्या कानशिलात रक्त चढलं. नऊ वर्षं मी या धंद्यात काढली होती, ट्रेनिंगचे कागद माझ्याकडे होते. मी मागे फिरलो आणि वर्कशॉपमध्ये गेलो.

चाचणीचा बार दुसऱ्या दिवशी सकाळी गोळीबाराच्या रेंजवर होता. भरायचं काम माझं, पहिला बार मॅनेजर टाकणार, अर्बाब त्याच्या मागे डाव्या अंगाला. मी दारू ओतली, वाटीतली गोळी तोंडावर ठेवली आणि गज लावला. गोळी हाताला काहीच जोर न लागता घसरत आत गेली. वाटी ढिली होती. ढिली वाटी वाकडी सुटते, हे त्या क्षणी माझ्या हाताला कळलं होतं. शंका आली की कोणीही हात वर करून "थांबा" म्हणायचं, हा आमच्याकडचा पहिला नियम.

"झालं का? यल्ला, आटप," मॅनेजर म्हणाला.

"झालं, सर," मी म्हणालो, आणि दोन पावलं मागे सरकलो.

आवाज दबला नाही. पत्रा टराटरा फाटावा तसा आला. सायलेन्सरचं पुढचं झाकण उडून बाजूच्या भिंतीवर आपटलं आणि त्याची एक कपची उलटी आली. मॅनेजरला ओरखडाही नाही. कपची लागली अर्बाबना, भुवईच्या जरा वर. त्यांच्या पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यावर रक्त ठिबकायला लागलं.

"नीट ठासली नाहीस तू!" मॅनेजर माझ्यावर ओरडला.

"मी काल सांगितलं होतं," मीही ओरडलो. जखमी माणूस मध्ये उभा, आणि आम्ही दोघं मराठीत भांडतोय. शेवटी पट्टीची पेटी घेऊन फिलिपिनो रिसेप्शनिस्ट धावत आली.

टाके घालून अर्बाब परतले ते सरळ वर्कशॉपमध्ये. "गोली अंदर डाला, तब तेरे को मालूम था?"

खोटं बोलायचं ठरवलं होतं, पण बोलता आलं नाही. "हाँ, अर्बाब."

"फिर बोला क्यों नहीं?"

खरं उत्तर जिभेवर होतं: कारण बंदूक मॅनेजरच्या हातात होती. ते मी गिळलं. त्यांनी "खलास" म्हणत रायफल पेटीत घातली आणि सोबत नेली. पुन्हा ते आमच्याकडे आले नाहीत.

चौकशीत मॅनेजरने लिहिलं की मी चुकीचं भरलं. मी लिहिलं की मी आधीच बजावलं होतं. दोघांनाही लेखी ताकीद मिळाली आणि मला रेंजवरून काढून गोदामात टाकलं. त्या संध्याकाळी घरी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, त्यालाच लागलं असतं तर?"

"बरं झालं असतं."

टेबलावर होमवर्क करणारी मुलगी मान न उचलता म्हणाली, "अब्बा, दॅट्स नॉट नाइस."

मॅनेजर अजून काउंटरवर आहे. गोदामाचा माल मी मेलवर कळवतो, तोही मेलवरच उत्तर देतो, इंग्रजीत. त्याचा राग मला अजून येतो. पण त्या सकाळचा विचार करायला बसलो की डोळ्यांपुढे तो येत नाही, मागे सरकलेली माझी दोन पावलं येतात.